दादाभाईंचा हिशेब

गणित हा रुक्ष विषय, अशी आमच्या पुष्कळ बालवाचकांची तक्रार असते. त्यांच्यापुढें आम्ही आज एका गणिताच्या अध्यापकाचें चरित्र ठेवीत आहों.

दादाभाई नौरोजी यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजीं एका गरीब पारशी कुटुंबांत झाला. चौथ्या वर्षीं पितृछत्र हरपलें. मातोश्री माणेकबाईंनीं मोठ्या कष्टानें त्यांस वाढविलें. शाळेंत फी नसे म्हणूनच त्यांचें शिक्षण झालें, आणि हें लोकांचें ऋण आहे ही जाणीव त्यांनीं जन्मभर बाळगली. पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणिताचे प्राध्यापक झाले. तो मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत.

१८५५ सालीं व्यापारानिमित्त ते लंडनास गेले. ब्रिटिश अमलाखालीं हिंदुस्थानची भरभराट होत आहे, असें तेथें पुष्कळांचें मत होतें. दादाभाईंनीं एकच साधा प्रश्न धरला: या देशांत दर माणशीं वर्षाचें उत्पन्न किती? सरकारी अहवालांतून लागवडीची जमीन, दर एकरीं पीक व बाजारभाव वेंचून त्यांनीं १८६७-६८ च्या सुमाराचा हिशेब मांडला. उत्तर आलें २० रुपये! बहुतेक प्रांतांत तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही याहून अधिक होता. शिवाय ही झाली सरासरी. श्रीमंतांचा वाटा वजा जातां गरिबाच्या हातीं काय उरत असेल?

हिशेब करितांना त्यांना सरकारी आकड्यांत एक दोष आढळला. निरनिराळ्या जिल्ह्यांचे भाव मिळवून जिल्ह्यांच्या संख्येनें भागावयाचें, अशी सरासरीची रीत होती. आम्ही एक उदाहरण घेऊं. एके ठिकाणीं १०० मण धान्य मणास १ रुपया भावानें विकलें, दुसरीकडे १० मण २ रुपये भावानें. या रीतीनें सरासरी भाव दीड रुपया येतो. खरा भाव एक रुपया दीड आण्याच्याही आंत आहे. अशा चुकीनें देश कागदावर मात्र श्रीमंत होतो!

अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनें इत्यादि रूपानें दरसाल विलायतेस जाणारा व मोबदला न देणारा पैसा हेंच दारिद्र्याचें मूळ, असें त्यांनीं १८७६ सालीं मुंबईस वाचलेल्या निबंधांत सविस्तर दाखविलें. १८८२ सालीं सरकारतर्फे बेअरिंगसाहेबांनीं उत्पन्न माणशीं २७ रुपये असल्याचें सांगितलें. दादाभाईंनीं त्या आकड्यामागील तपशील मागितला. तो त्यांना मिळाला नाहीं.

१८९२ सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले. हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठीं १८९५ सालीं वेल्बी कमिशन नेमलें गेलें, त्याचे ते सभासद होते. आणि सत्तरी उलटल्यावर त्याच कमिशनपुढें साक्षीदार म्हणूनही बसले. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले १८९७ सालीं साक्ष देण्यास गेले, तें याच कमिशनपुढें. ३० जून १९१७ रोजीं दादाभाई मुंबईस निवर्तले.