पॉली उमरीगर

पहलान रतनजी उर्फ पॉली उमरीगर (२८ मार्च, १९२६:सोलापूर - ७ नोव्हेंबर, २००६:मुंबई) हे भारताचे क्रिकेट खेळाडू व माजी कर्णधार होते.

पारशी कुटुंबात जन्मलेल्या उमरीगरांचे बालपण सोलापुरात गेले. तेथे वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. शालेय वयातच कुटुंब मुंबईस आले. १९४४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून खेळले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कर्णधार झाले. १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघातर्फे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्यावर त्यांना कसोटी संघात स्थान मिळाले.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्यात उमरीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मात्र फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे त्यांना कसोटींतील सात डावांत केवळ ४३ धावा करता आल्या. या अपयशाने ते खचले नाहीत. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले.

१९६२ मध्ये निवृत्त होताना ५९ कसोटी, ३,६३१ धावा व १२ शतके हे तिन्ही भारतीय उच्चांक त्यांच्या नावावर होते. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.