जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा ते १८९७ च्या पंप शॉटगनचा जनक : जॉन ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग हे नाव आज पिस्तुलं आणि मशीनगनमुळे ओळखलं जातं. सारायेव्होत ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, तेही याच्याच डोक्यातून आलेलं. पण हा माणूस मुळात दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला.

त्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन हे बंदुकांचे कारागीर आणि मॉर्मन पंथाचे. तीन बायका, बावीस मुलं आणि एक दुकान असा त्यांचा संसार. मोडक्या बंदुका दुकानात यायच्या आणि पोरगा त्या उघडून बघायचा. दहाव्या वर्षी त्याने भंगारातली नळी घेऊन स्वतःची बंदूक बनवली, असं घरचे सांगत. कागदावर नकाशा काढण्यापेक्षा हातात कानस घेऊन लोखंड घासत विचार करायची सवय त्याला इथेच लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, त्याच वर्षी वडील गेले. भावांनी मिळून ती रायफल बनवायला घेतली. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा बडा अधिकारी थेट ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर मोजून हक्क घेऊन गेला.

पुढे कंपनीने शॉटगन मागितली, तीही लिव्हरवालीच, कारण लिव्हरच्या रायफली ही तिची ओळख होती. ब्राउनिंगचं मत पंपाच्या बाजूने होतं, पण त्याने १८८७ चं लिव्हर मॉडेल करून दिलं. पंपवालीला १८९३ उजाडलं. ती जुन्या काळ्या दारूसाठी होती. बिनधुराची नवी दारू तिला झेपेना. मग सुधारून आलेलं १८९७ चं मॉडेल इतकं चाललं की दहा लाखांहून जास्त नग बनले.

या बंदुकीची एक खोड समजून घेण्यासारखी आहे. घोडा असलेल्या बंदुकीत तो एका छोट्या अडसराने मागे धरलेला असतो. चाप ओढला की अडसर सुटतो आणि घोडा पुढे आपटतो. बोट काढलं की स्प्रिंग चापाला जागेवर आणते आणि अडसर पुन्हा घोडा धरायला तयार होतो. आजच्या पंप शॉटगनमध्ये आणखी एक भाग असतो : चाप दाबून ठेवून पंप मारला तरी गोळी सुटत नाही, बोट सोडून पुन्हा दाबावं लागतं. १८९७ च्या मॉडेलमध्ये हा भागच नाही. चाप दाबून धरा आणि पंप मारत राहा, दर वेळी पंप पुढे गेला की बार उडतो.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना खंदकात हेच सोयीचं वाटलं. १९१८ मध्ये जर्मनीने शॉटगनविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला, अशी बंदूक बाळगणाऱ्या कैद्याला ठार मारण्याची धमकी दिली. अमेरिकेने तो निषेध धुडकावला.

पण हीच बंदूक वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिली की गोष्ट उलटते. तेल सुकून चिकट होतं, दारूची काजळी आणि गंज साचतो, स्प्रिंग मऊ पडते. चाप मागेच अडकून राहतो. इतर बंदुकीत हा वैताग असतो. इथे काडतूस भरून पंप पुढे ढकलला की बोट न लावता बार उडू शकतो. म्हणून असा चाप अडकणाऱ्या जुन्या बंदुकीत कारागीर आधी काडतूस नाही ना हे बघतो, मग आतली साफसफाई आणि स्प्रिंग.

विंचेस्टरशी ब्राउनिंगचं १९०२ मध्ये फाटलं. आपोआप भरणाऱ्या नव्या शॉटगनसाठी त्याने एकरकमी पैशांऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितलं, कंपनी नाही म्हणाली. तो रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्याच दिवशी तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले. मग त्याने बेल्जियमच्या एफएन कारखान्याची वाट धरली.

त्याच कारखान्यात, मुलाच्या कार्यालयात, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याचं हृदय थांबलं. नावावर १२८ पेटंट होती आणि हातात एक अर्धवट पिस्तूल. ते दियुदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये बाजारात आलं. १८९७ ची शॉटगन मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली.