विश्लेषण : शाहू महाराजांचा मधुमेह आणि आजचे ‘कीटोन’

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. धिप्पाड देह, कुस्तीचा नाद. खासबागेचे मैदान त्यांचेच. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवणारे महाराज अखेरच्या वर्षांत मात्र मधुमेहाने बेजार होते. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी शिकारीत दगावले, तो घावही मोठा होता. ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. टोरंटोत रुग्णाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, ते त्याच वर्षी जानेवारीत!

इन्सुलिन फार कमी पडले, की यकृत चरबीपासून कीटोन बनवत सुटते आणि ते रक्तात साचून जिवावर बेतते. गंमत अशी, की दुबळे झालेले हृदय हेच कीटोन इंधन म्हणून जास्त वापरते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांना शिरेतून कीटोन दिले, तेव्हा हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता तात्पुरती वाढली. तोंडाने घ्यायच्या कीटोनच्या चाचण्या अजून लहानच आहेत. त्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. बाजारातली कीटोन पावडर म्हणजे हृदयाचे औषध नव्हे; मधुमेहींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.