साडीतली मारिया : आंजेलो द फोन्सेका

रविवारच्या मिस्सेला आमच्या वसईच्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बाया लाल लुगडी नेसून बसतात. प्रार्थना मराठी, गाणी मराठी. वेदीवरची पवित्र मारिया मात्र गोरी, निळ्या झग्यातली. हे मला कधी खटकले नव्हते. आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्राची छापील प्रत पाहिली आणि खटकले. त्यातली मारिया साडी नेसलेली आहे. आजीला दाखवले, तर तिने ही कोणाची सून म्हणून विचारले!

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव बेटावर झाला. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. पण मन रमेना. डॉक्टरी सोडून चित्रे काढणार म्हणणारा मुलगा! (मी नुसता बी. ए. ला गेलो, तर पुढे काय, असे सारी आळी विचारते.) ते जे. जे. कलाशाळेत गेले, तिथूनही निघून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले.

ही नवी दृष्टी घेऊन ते १९३० च्या सुमारास गोव्यात परतले. तिथे तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. भारतीय वेशातली मारिया पाहून धर्मगुरू आणि प्रतिष्ठित मंडळी संतापली. त्यांना ती विटंबना वाटली. मला याचे नवल वाटते. मारिया मुळात नाझरेथची यहुदी स्त्री. युरोपच्या चित्रकारांनी तिला आपल्या गावची लेक केले, ते सर्वांना चालले. आपल्या गावची केली, ते आपल्यालाच चालले नाही.

फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले. स्वतः कॅथलिक असूनही ते अँग्लिकन पंथीयांच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले व जलरंगात चित्रे काढीत राहिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांना पाठबळ दिले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सेत लोकभाषेला वाट मोकळी केली. फोन्सेका तोवर तीस वर्षे चित्रांतून तेच करीत होते! १९६७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची पुष्कळ चित्रे पत्नी आयव्ही यांनी जपली. ती आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, म्हणजे गोव्यातच. मी अजून गेलेलो नाही. जाईन तेव्हा आजीलाही न्यावे म्हणतो.