‘कॉमेट’चे जनक जेफ्री डी हॅविलंड

दिल्ली आणि चेन्नई ही दोन शहरे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा वरोऱ्याच्या जवळून जाते. या मार्गाने सुमारे पस्तीस हजार फुटांवरून उडणाऱ्या विमानात प्रवासी निर्धास्त बसलेले असतात. बाहेरच्या विरळ हवेत मात्र माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहणे कठीण. त्या उंचीवर प्रवाशांना नेणारे पहिले जेट विमान ज्यांनी घडवले, त्या सर जेफ्री डी हॅविलंड यांना या निर्धास्तपणाची फार मोठी किंमत पाहावी लागली.

२७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आजोबांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी १९०९ मध्ये पहिले विमान बांधले. ते हवेत उठताच पंखाचा सांगाडा मोडला आणि विमान कोसळले. सुदैवाने ते बचावले. सदोष रचना म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांनी असा स्वतःच्या जिवावर घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचे दुसरे विमान यशस्वीपणे उडाले. फार्नबरो येथील सरकारी कारखान्याने ते विकत घेतले आणि त्यांना नोकरीही दिली. १९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. पतंग-फुलपाखरांच्या अभ्यासाचा छंद असल्याने त्यांनी आपल्या हलक्या विमानांना पतंगांची नावे दिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या ‘पस मॉथ’ विमानातून.

विमानांनी त्यांना वैभव दिले आणि मोठे दुःखही दिले. तीन मुलांपैकी जॉन १९४३ मध्ये आणि थोरला जेफ्री १९४६ मध्ये चाचणी-उड्डाणांत मरण पावले. तरीही ते खचले नाहीत. २७ जुलै १९४९ रोजी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशीच, ‘कॉमेट’ने पहिले उड्डाण केले. २ मे १९५२ पासून ते प्रवासी सेवेत आले. प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला आणि ब्रिटनने अमेरिकेला मागे टाकल्याची भावना निर्माण झाली.

बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कोलकात्याच्या दमदम विमानतळावरून निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात मोडून पडले. ४३ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळच्या चौकशीत वादळी हवेचा ताण हे कारण ठरले. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले दुसरे विमान एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. त्यात ३५ जण गेले. उड्डाणे थांबवण्यात आली आणि अनेक सुधारणाही करण्यात आल्या. परंतु नेमके कारण सापडण्यापूर्वीच मार्चमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. अवघ्या पंधरवड्यात, ८ एप्रिलला, नेपल्सजवळ तिसरे विमान कोसळले आणि आणखी २१ जणांचा बळी गेला. ही घाई सर्वांनाच भोवली.

अखेर फार्नबरोच्या संशोधकांनी एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले. उंचीवर गेल्यावर आतल्या हवेच्या दाबाने विमान किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. पाण्याचा दाब कमीजास्त करून हेच चक्र पुन्हा पुन्हा घडवण्यात आले. सेवेतील उड्डाणे धरून ३,०५७ चक्रांनंतर पत्रा फाटला. तार सारखी वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. खिडक्या व झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक एकवटत होता. कंपनीने चाचण्या केल्या नव्हत्या असे नाही. पण चाचणीच्या भागावर आधी जादा दाब दिल्याने तो अधिक टिकाऊ ठरला आणि फसवे समाधान देऊन गेला.

जिथे त्यांची कारकीर्द सुरू झाली, त्याच फार्नबरोत त्यांच्या सर्वोत्तम निर्मितीचा दोष उघड झाला. १९५४ मध्ये जाहीर चौकशी झाली. धातूच्या थकव्याचे शास्त्र जगासमोर आले आणि त्याचा लाभ प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही झाला. सुधारित ‘कॉमेट ४’ने ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली, पण तोवर बाजारपेठ बोइंगकडे झुकली होती. १९६० मध्ये कंपनी दुसऱ्या समूहात विलीन झाली.

२१ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या माळरानावर त्यांचे पहिले विमान मोडून पडले होते, त्याच माळरानावर त्यांच्या अस्थी विमानातून विखुरण्यात आल्या. आज वरोऱ्यावरून जाणाऱ्या विमानाचा सांगाडा ठरावीक उड्डाणांनंतर तडे शोधण्यासाठी तपासला जातो. प्रवाशाला हे दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त गोलसर कोपऱ्यांची खिडकी.