सुरक्षित लिफ्टचे जनक एलिशा ओटिस

इमारतीसाठी लिफ्ट निवडताना वेग, आकार आणि सजावट यांची चर्चा अधिक होते. मात्र दोर तुटल्यास लिफ्ट जागीच थांबेल काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर शोधणारे अमेरिकी यंत्रकारागीर म्हणजे एलिशा ग्रेव्हज ओटिस.

ओटिस यांचा जन्म ३ ऑगस्ट १८११ रोजी व्हरमाँट राज्यातील हॅलिफॅक्स येथे शेतकरी कुटुंबात झाला. मालगाड्या हाकणे, गिरणी चालविणे, घोडागाड्या बनविणे असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. परंतु त्यांना स्थैर्य लाभले नाही. पुढे ऑल्बनी येथील पलंगांच्या कारखान्यात काम करताना त्यांनी पलंगाच्या दांड्या झपाट्याने तयार करणारे यंत्र बनविले.

१८५२ मध्ये न्यूयॉर्कजवळील यॉन्कर्स येथे कारखाना उभारताना अवजड सामान वरच्या मजल्यावर नेण्याची गरज भासली. माल चढविणारी यंत्रे तेव्हाही प्रचलित होती. मात्र दोर तुटताच ती कोसळत असत. ओटिस यांनी मंचाच्या माथ्यावर घोडागाडीची पोलादी कमान बसवून ती दोराला जोडली. दोर ताणलेला असेपर्यंत कमान वाकलेली राही. दोर तुटताच ती सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत आणि मंच तेथेच थांबे.

१८५३ मध्ये ओटिस यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला, परंतु मागणी अल्पच होती. अखेर १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंचावरील मंचावर स्वतः उभे राहून त्यांनी दोर कापण्यास लावले. मंच किंचित खाली येऊन स्थिरावला. २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमधील हॉवआउट यांच्या पाचमजली दुकानात त्यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या या लिफ्टचा वेग मिनिटाला सुमारे १२ मीटर होता.

गगनचुंबी इमारतींचे युग पाहणे मात्र ओटिस यांच्या नशिबी नव्हते. ८ एप्रिल १८६१ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी घटसर्पाने त्यांचे निधन झाले. चार्ल्स आणि नॉर्टन या पुत्रांनी व्यवसाय वाढविला. १८८९ मध्ये खुल्या झालेल्या पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्येही या कंपनीच्या लिफ्ट बसविण्यात आल्या.

आज दोरावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये वेगमर्यादा ओलांडली जाताच गव्हर्नर हे साधन सुरक्षा ब्रेक कार्यान्वित करते आणि ब्रेकचे जबडे मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडतात. रचना बदलली, तत्त्व तेच राहिले. म्हणूनच लिफ्ट निवडताना या ब्रेकची चाचणी आणि नियमित देखभाल यांची खातरजमा सजावटीच्या आधी करणे अगत्याचे ठरते.