ॲलन ट्यूरिंग यांचें चरित्र

ॲलन ट्यूरिंग यांचा जन्म लंडन येथें ता. २३ जून १९१२ रोजीं झाला. वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकरींत असल्यामुळें त्यांचें बालपण बहुतेक मातापित्यांच्या वियोगांतच गेलें. महायुद्धांत शत्रूची गुप्तलिपि उकलण्याचें काम करून १९४५ सालीं त्यांनीं संगणकाचा आराखडा लिहिला. एक काम अर्धे ठेवून यंत्र दुसऱ्याकडे वळलें, तर परत कोठें यावयाचें, याच्या नोंदींची उतरंड रचण्याची युक्ति त्यांत होती. आमच्या धाराशिवहून तुळजापूरमार्गें नळदुर्गास गेलेला प्रवासी परततांना आधीं तुळजापुरासच येतो, तसेंच हें.

आज आज्ञावलि मध्येंच अडली, कीं दोष शोधणारें साधन हीच उतरंड वरून खालीं वाचतें. ही वाचणी जलद करणें इष्ट खरें. परंतु घाईंत एक मुक्काम गळला, तर दोष भलत्याच ठिकाणीं दिसतो. म्हणून सुधारणेचीही परीक्षा हवी. तिची रीत ट्यूरिंग यांनींच १९४९ सालीं केंब्रिज येथें मांडली : रचनाकारानें ठिकठिकाणीं निश्चित विधानें लिहावीं, परीक्षकानें तीं एकेक ताडून पाहावीं.

१९५२ सालीं समलिंगी संबंधांबद्दल न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें, ता. ७ जून १९५४ रोजीं वयाच्या ४१ व्या वर्षीं ते निवर्तले. राजक्षमा मिळाली ती २०१३ सालीं. उत्तर कितीही लवकर आलें, तरी ताळा पाहिल्यावांचून तें खरें मानूं नये, हा धडा आम्ही या चरित्रापासून घेतों.